खुर्च्यांचे आखूड झगे

५ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की माणसांवर काढू नका, वहीवर काढा. रक्तदाबाची गोळी वाढवण्यापेक्षा ते बरं. म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून सुटली. त्या म्हणाल्या, चुकलं तरी चालेल, कोणी तपासायला येत नाही. आज राग नाही, उलट आनंदच आहे, पण हाताला वळण लागावं म्हणून लिहितेय.

ड्रायर आला! बंद पडलेल्या एका हॉटेलातला, जुना आहे पण कपाटाएवढा. आमच्या ह्यांनी टेम्पोतून आणला आणि चौघांनी मिळून आत ढकलला. दुकानाच्या दाराची चौकट सोलवटली. सोलवटू दे. पुढे गिऱ्हाइकांचं टेबल, मागे दोन धुलाई मशिनं, त्यांच्या शेजारी आता हा, आणि खिडकीपाशी वन्संचं इस्त्रीचं टेबल. भरलं दुकान.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात. इस्त्री त्याच करतात आणि गच्चीत कपडे वाळत घालणंही त्यांच्याकडेच. एकेक कपडा झटकणार, त्याच्या शिवणी सरळ करणार, मग चिमटा लावणार. लग्नाच्या मुलीची वेणी घालावी तसं चाललेलं असतं. बघून माझा जीव जातो. आता गच्ची बंद.

ड्रायरला एकच बटण आहे. त्यावर तीन चित्रं, लहान ज्योत, मधली ज्योत आणि मोठी ज्योत. मी सरळ मोठ्या ज्योतीवर फिरवलं.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आधी मधलीवर ठेवून बघू या का?"

म्हटलं, "वन्सं, सायकल विकत घेऊन कोणी ढकलत नेतं का? आणि ह्या बटणाला हात लावायचा नाही. बिघडलं तर मेकॅनिक माझ्या बोकांडी बसेल."

टॉवेल कडकडीत वाळून निघाले. मी दोनदा दार उघडून बघितलं, धीर धरवला नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठं काम मिळालं. कोपऱ्यावरच्या हॉलचा मालक स्वतः आला. त्याच्याकडे रोज काही ना काही कार्यक्रम असतो आणि प्रत्येक खुर्चीला पांढरं कव्हर घालतात, पाठीपासून पार पायांपर्यंत. आजवर तो दुसऱ्या धुलाईवाल्याकडे टाकायचा, तो उशीर करतो म्हणे. म्हटलं, आमच्याकडे उशीर नावाचा प्राणी नाही. सकाळी द्या, संध्याकाळी न्या.

कापड सगळं कृत्रिम धाग्याचं. दुधासारखं पांढरं, हातातून मासोळीसारखं निसटतं. धुतलं, ड्रायरमध्ये कोंबलं, मोठ्या ज्योतीवर सोडलं. माझा चहा संपायच्या आत वाळलं!

वन्सं बोटाने चाचपून म्हणाल्या, "हे फार तापलंय. हे कापड नाजूक असतं, आकसेल."

आता ह्यांना कोण समजावणार? सुती कापड पाणी पितं, फुगतं आणि मग आकसतं. हे पाणी पीतच नाही, मग आकसेल कशाला? म्हटलं, "वन्सं, हे म्हणजे प्लास्टिकच. न्हाणीघरातला मग रोज भिजतो, आकसलाय का कधी?"

"गार तरी होऊ दे, मग भर."

"गार व्हायला ते काय औषधाचं पाणी आहे?"

चटके बसत होते तरी ड्रायरमधून काढून थेट पिशव्या भरल्या. इस्त्रीलासुद्धा पाठवली नाहीत. चुरगळतंच कुठे हे कापड? वन्संना शर्ट संपवायचे होते, त्या त्यांचे शर्ट करत बसल्या. ह्यांनी संध्याकाळी हॉलवर पोचती केली.

९ फेब्रुवारी, शनिवार

दाब वाढलाय, मला यंत्राशिवाय कळतं.

दुपारी हॉलवाल्याचा फोन. "बाई, आत्ताच्या आत्ता या." गेले. बघते तर काय! ओळीने खुर्च्या, आणि प्रत्येकीचं कव्हर गुडघ्यापर्यंत. सगळ्या खुर्च्या जशा काही आखूड झगे घालून शाळेत चालल्यात. दोन माणसं एका खुर्चीशी झटत होती, एकाने पाय धरलेले, दुसरा वरून कव्हर ओढत होता. टर्रकन शिवण उसवली. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागायला लागल्या होत्या.

मी म्हटलं, "तुम्ही खुर्च्या बदलल्यात."

"काय?"

"खुर्च्या. मोठ्या घेतल्यात. आधीच्या बुटक्या होत्या."

"बाई, खुर्च्या त्याच आहेत. त्या काय एका रात्रीत वयात आल्या?"

त्याची माणसं हसली मेली. मी वितीने खुर्ची मोजली, खालून वर, वरून खाली. पण आधी किती होती ते कुठे माहीत होतं? तरी मोजली. हॉलवाला शेवटी ओरडला, "मोजून वाढणार आहे का ते?" कव्हरं काढून त्यांनी उघड्या खुर्च्या मांडल्या. लोखंडी खुर्च्या, ठिकठिकाणी गंजलेल्या. मला म्हणाला, सोमवारी दुकानात येतो, तोवर काय झालं ते शोधून ठेवा.

शोधतेच. कोणाचं तरी काम आहे हे.

११ फेब्रुवारी, सोमवार

साबण तोच आहे. पाणी तेच आहे. मशीनमध्ये पाणी कोमटच असतं. मी सगळं बघितलं. मग राहिलं काय? इस्त्री.

हॉलवाला आला आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "सांगा."

मी सांगितलं. "आमच्या वन्संनी इस्त्री तापवून फिरवली. वय झालंय, हाताला अंदाज राहिला नाही. जाळून टाकली सगळी. आता तुमच्या कपड्याला त्यांचा हात लागणार नाही, माझा शब्द."

वन्सं खिडकीपाशी उभ्या होत्या. हातात इस्त्री. मला वाटलं भांडतील, मी कंबर कसून तयार होते. पण नाही. त्यांनी इस्त्री उभी केली, पिन काढली, अर्धा झालेला शर्ट नीट घडी करून ठेवला, टेबलावरची चादर हाताने सरळ केली आणि गेल्या. जाताना हॉलवाल्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

हॉलवाला जरा नरमला. म्हणाला, माणूस काढलात ना, मग एक खेप आणखी देतो. माझ्याकडे काही नवी कव्हरं आहेत, ती धुऊन दाखवा.

बघा, काम वाचलं. भांडण न होता वाचलं. मला तर हलकं वाटायला हवं होतं.

जेवताना हे भाकरीचे नुसते तुकडे करत बसले. म्हटलं, "मीठ कमी आहे का?" म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

१२ फेब्रुवारी, मंगळवार

वन्सं पिशवी भरून लेकीकडे गेल्या. जाताना मला सांगितलंसुद्धा नाही, भावाला सांगून गेल्या. ह्या वयात रुसवेफुगवे! खाटेवर चादर अशी ताणून घातलीय की तिच्यावर कोणी झोपलंच नव्हतं जणू.

जाऊ देत. चार दिवसांनी येतील. लेकीचं घर केवढंसं, जावई घोरतो. त्याच सांगायच्या.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

इस्त्री मी केली. एक कॉलर पिवळी झाली आणि बँकेतल्या माणसाच्या पँटला दोन दोन रेघा पडल्या. तो म्हणाला, "त्या बाई कुठायत?" शिंपीणबाई म्हणाली, "त्या कुठायत?" शाळेतल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "त्या आजारी आहेत का हो?" माझी चौकशी इतक्या वर्षांत कोणी केली नाही.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉलवाल्याची नवी कव्हरं धुतली. इस्त्रीकडे फिरकूसुद्धा दिलं नाही. ड्रायर, मोठी ज्योत. बाहेर काढली, आणि न धुतलेलं एक बाजूला ठेवलं होतं ते शेजारी धरलं.

आकसलेलं. परत. चांगलं वीतभर आखूड!

मी खाली फरशीवरच बसले. वन्सं नव्हत्या. इस्त्री नव्हती. मग कोण?

मी काही मूर्ख नाही. ते न धुतलेलं कव्हर कापलं आणि त्याचे सारखे तुकडे केले. एकावर वन्संच्या टेबलावर इस्त्री फिरवली, इस्त्रीचा काटा त्या जिथे ठेवायच्या तिथेच ठेवून. काही झालं नाही. एक ओला करून ड्रायरमध्ये लहान ज्योतीवर टाकला. काही नाही. एक मोठ्या ज्योतीवर. बाहेर आला तो केवढासा, आणि हाताला राठ, पापडलेला, जसा मेणबत्तीजवळ धरलेला नायलॉनचा दोरा.

म्हणजे दोष ड्रायरचा. ड्रायरच करंटा निघाला. मोठी ज्योत बिघडलेली आहे. विकणाऱ्याने डोळ्यांत धूळ फेकली. उद्या मेकॅनिकला बोलावते आणि त्याचीच इस्त्री करते.

१६ फेब्रुवारी, शनिवार

मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडलं, आत दिवा मारून बघितला. म्हणाला, "ड्रायर ठणठणीत आहे. तुम्ही बटण कुठे ठेवता?"

"मोठ्या ज्योतीवर."

"सगळ्याला?"

"मग काय प्रत्येक कपड्याला विचारत बसू, बाबा रे, तुला किती ऊन मानवतं?"

तो म्हणाला, मोठी ज्योत टॉवेल-चादरींची. ह्या कापडाचा धागा कारखान्यात ताणून ताणून बारीक केलेला असतो आणि ताप देऊन तसाच बसवलेला असतो. त्याच्यापेक्षा जास्त ताप लागला की धागा अंग चोरतो. पाण्याचा काही संबंध नाही, सगळा तापाचा खेळ.

"मग तसं लिहायला काय झालं होतं त्यांना?"

"चित्रं काढलीत की, बाई."

"चित्रात नुसती आग आहे! आग बघून मी काय समजायचं?"

त्याने चहासुद्धा घेतला नाही. बरं झालं, दूध नव्हतं.

संध्याकाळी मी हट्टाने एक कव्हर गरम पाण्यात भिजवलं. सुती आकसलं की आम्ही असंच करतो, ओलं असताना दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं, बरंचसं परत येतं. एक टोक ह्यांना दिलं. ओढलं. पाय टेकवून ओढलं. ह्यांनी टोक सोडलं तशी मी पडता पडता वाचले.

"सोडता कशाला?"

"फाटेल, पण यायचं नाही," हे म्हणाले. "इतका ताप दिल्यावर कोणी येतं का परत?"

आणि बघत कुठे होते, तर खिडकीपाशी. ह्यांचं हे असंच. माणूस कव्हरांचं बोलतंय आणि ह्यांची नजर भलतीकडेच.

१८ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस कधीच झाले. आल्या नाहीत.

२० फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागानेच. दुसरं काही नाही.

सकाळी हे टेम्पोची किल्ली हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई काम शोधत होती. स्टेशनाकडच्या इस्त्रीवाल्याकडे गेली होती. त्याने घेतलं नाही."

"का? त्यांच्यासारखी इस्त्री त्याच्या बापाला येते का?"

"तो म्हणाला, हॉलची कव्हरं जाळली त्या तुम्हीच ना? सगळीकडे बोभाटा झालाय. ताई मान खाली घालून परत आली. साठीला आलेली माझी बहीण." आणि मग हे ओरडले. एवढ्या संसारात हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "सगळीकडे बोभाटा झालाय!" म्हणाले, आणि किल्ली भिंतीवर फेकली आणि मग स्वतःच उचलायला गेले.

माझ्या डोक्याला अशी तिडीक गेली! त्या हॉलवाल्याची जीभ हासडायला हवी. घरातलं बोलणं गावभर करतो? चपला कोणाच्या घातल्या ते न बघता निघाले.

हॉलवर मांडामांड चालली होती. स्वयंपाकी, खुर्च्या लावणारे, फुलवाला, सगळे होते. बरंच झालं म्हटलं, सगळ्यांसमोर ऐकवते.

"माझ्या नणंदेला नावं ठेवणारे तुम्ही कोण हो?"

हॉलवाला म्हणाला, "मी? तुम्हीच सांगितलंत, बाई. माझ्यासमोर, त्यांच्यासमोर."

"मी सांगितलं ते आमच्या दुकानात! तुम्ही दवंडी पिटायला निघालात? त्या माऊलीने उभ्या जन्मात एक रुमाल जाळला नाही. दोष ड्रायरचा आहे."

"मग ड्रायर त्यांनीच जास्त तापवला असेल."

"त्यांनी? त्यांना मी बटणाला बोट तरी लावू देते का! पहिल्या दिवसापासून ड्रायर मी चालवते. मी एकटी. मोठ्या ज्योतीवर मी फिरवते, काढते मी, भरते मी. त्या बिचाऱ्या सांगत होत्या, आकसेल म्हणून, मी ऐकते होय? आणि इस्त्री म्हणाल तर तुमच्या कव्हरांना इस्त्री लागलीच नाही. त्या शर्ट करत बसल्या होत्या!"

हे सगळं मी छाती पुढे काढून बोलले. चांगलं खडसावलं असंच वाटत होतं. मग बघते तर सगळे माझ्याकडेच बघतायत. फुलवाल्याने हातातला हार खाली ठेवला. स्वयंपाकी चमचा घेऊन तसाच. हॉलवाला हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तुम्हीच, बाई."

मी म्हटलं, "हो, मीच. मग?"

ते "मग" तोंडातून निघालं आणि तेव्हा कुठे मी काय बोलून बसले ते माझ्याच कानांवर आलं.

तो म्हणाला, उरलेली कव्हरं घेऊन जायला माणूस पाठवतो, आता आपला संबंध संपला. म्हटलं, संपू दे. आणि ज्याला ज्याला माझ्या नणंदेचं सांगितलंत, त्याला त्याला आता माझं सांगा. नाव चुकवू नका.

परत येताना कळलं, चपला ह्यांच्या होत्या.

२३ फेब्रुवारी, शनिवार

हॉलचं काम गेलं. शेजारणी कुजबुजतात. कुजबुजू देत, निदान खरं तरी कुजबुजतात.

आज वन्संच्या लेकीकडे गेले. तिसरा मजला, जिन्यात सायकली आणि मोकळे डबे. माझ्या भाचीने दार उघडलं, मला बघितलं आणि या म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. खोलीत पलंगावर घोंगडी दुमडून तिच्यावर वन्संनी इस्त्रीचं ठाण मांडलं होतं, शेजाऱ्यांच्या मुलांचे कपडे. त्या वाकून करत होत्या. पलंग बुटका, कमरेत अर्ध्या झाल्या होत्या. मी बघूनच पेटले.

"असं वाकून कंबर मोडायचीय का? तिकडे तुमचं टेबल धूळ खातंय!"

त्या म्हणाल्या, "बस."

बसले नाही. म्हटलं, "मी काही पाया पडायला आलेले नाही."

"माहीत आहे."

"हॉलात मी सांगून आले."

"कळलं. भाऊ सांगून गेला. रागाच्या भरात तोंडून निघालं म्हणे."

"निघालं तर निघालं. खोटं होतं का?"

"नाही. तेवढं खरं होतं." त्यांनी एक बाही उलटवली. "वहिनी, तू चिडलीस त्याचं मला काही नाही. तू चिडतेसच, भाताला वाफ असते तशी. पण कव्हरांना इस्त्री झाली नव्हती, हे तुला तेव्हा माहीत होतं. तूच भरली होतीस."

मी म्हणणार होते, माझ्या लक्षात नव्हतं. तोंड उघडलंसुद्धा. लक्षात होतं का नव्हतं? आत्ता वहीसमोर बसूनही मला सांगता येत नाही. मागची पानं उलटायला गेले आणि मिटून टाकली.

भाची मोरीपाशी उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, "चला आता, पिशवी भरा."

"दुकानात येईन सोमवारपासून," वन्सं म्हणाल्या. "सकाळी येईन, संध्याकाळी इकडे परतेन."

"इकडे कशाला? घरी तुमची खाट आहे की. आणि इथे जावई घोरतो."

"घोरू दे. सवय झाली."

"आणि खाटेचं काय करू?"

"कपडे ठेवायला होईल."

खाली उतरताना एका सायकलीला लाथ मारली. तिच्या मागच्या सगळ्या पडल्या. उचलत बसले.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आल्या. दुकान उघडायच्या आधीच पायरीवर उभ्या. मी सकाळीच टेबलावरची चादर बदलली होती, नवी घातली होती, त्यांनी ती काढून पुन्हा आपल्या हाताने ताणून घातली. ड्रायरच्या बटणाशी गेल्या, न विचारता लहान ज्योतीवर आणलं. मी बघत राहिले. बोलायचं जिभेवर होतं, गिळलं. त्या ज्योतीवर एवढा वेळ लागतो की बाईने मध्ये दोन बाळंतपणं उरकावीत.

गिऱ्हाइकं खूश. बँकवाला पँट हातात घेऊन म्हणाला, "आल्या का!" जसा काही माझ्याकडे त्यांना मागायलाच आला होता.

मग शर्टांचा गठ्ठा संपला तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मालकीणबाई, इस्त्रीचं आणखी काही आहे का?"

मला वाटलं दारात कोणी आलंय. मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं.

मालकीणबाई! लग्न होऊन उंबऱ्यातून आत आले तेव्हापासून ही बाई मला वहिनी म्हणतेय. मी ताटं आपटली तेव्हा वहिनी, मी अबोला धरला तेव्हा भिंतीला उद्देशून वहिनी. परवा तिच्या लेकीच्या खोलीतसुद्धा वहिनीच होते. आणि आज दुकानात मालकीणबाई. टोमणा असता तर मी तिथल्या तिथे उलटा फेकला असता, त्यात मी कोणाला हार जात नाही. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. सरळ विचारलं, कामाचं, जसं परक्या दुकानात विचारतात.

म्हटलं, "वन्सं, हे काय नवीन?"

"काय नवीन?" त्या म्हणाल्या. "दुकान तुमचंच आहे ना?"

तुमचंच! मला तू म्हणायच्या त्या.

माझं डोकं असं तापलं. ड्रायरचं दार उघडून धाडकन बंद केलं, आत काही नव्हतं. हे बाहेर टेम्पो पुसत होते, त्यांना जाऊन म्हटलं, तुमच्या बहिणीला सांगा काहीतरी. हे म्हणाले, "काय सांगू?" मलाही नीट सांगता येईना. वहिनी म्हणा, असं कोणी कोणाला दुसऱ्याकरवी सांगतं का?

संध्याकाळी त्यांनी पिन काढली, इस्त्री गार झाली का बोटाने बघितलं, पिशवी खांद्याला लावली.

"येते, मालकीणबाई."

मी टेबलावर पावत्या उगाच इकडच्या तिकडे करत होते. म्हटलं, "या." मान वर केली तेव्हा त्या रस्त्यापलीकडे गेल्या होत्या, आणि मी दारात उभी राहून एवढ्या मोठ्याने "वन्सं!" म्हणून ओरडले की समोरचा किराणावाला बाहेर आला. त्या थांबल्या. वळल्या. मधून गाड्या जात होत्या.

काय सांगायचं होतं ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, "जपून जा."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.